चांदणी चौकातील घंटाघर आणि हयगयीचा न्याय

दिल्लीच्या चांदणी चौकात, नगरभवनाच्या समोर, भर रस्त्यावर एकेकाळी एक उंच घंटाघर उभे होते. १८७० च्या सुमारास ते बांधले गेले. सरकारी कागदोपत्री त्यास लॉर्ड नॉर्थब्रुक या व्हाइसरॉयचे नाव मिळाले होते. परंतु दिल्लीकरांच्या तोंडी ते नुसते ‘घंटाघर’च राहिले. ३० मार्च १९१९ रोजी, रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशी, स्वामी श्रद्धानंद याच घंटाघरापाशी गुरखा शिपायांच्या संगिनींसमोर छाती पुढे करून उभे राहिले होते. ज्या वास्तूच्या छायेत राष्ट्राच्या इतिहासातील असा एक प्रसंग घडला, तिची पुढे कोणी निगा राखली असेल असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे घडले नाही. १९५१ साली हे घंटाघर कोसळले आणि खालून जाणारी-येणारी माणसे त्याच्या ढिगाऱ्याखाली सापडून मेली.

हा प्रकार येथवरच थांबता, तर वृत्तपत्रांनी दोन दिवस हळहळ व्यक्त केली असती आणि नगरपालिकेने मृतांच्या घरी सांत्वनाची पत्रे धाडली असती. परंतु मृतांपैकी काहींच्या वारसांनी दिवाणी न्यायालयात दावे लावले. एका दाव्यात मृताची विधवा आणि तिची मुले वादी होती. १८५५ साली इंग्रजी अमदानीत झालेल्या प्राणांतिक अपघातांच्या कायद्याचा त्यांनी आधार घेतला. कोणाच्या चुकीने एखाद्याचा जीव गेला, तर त्याच्या पत्नीस, मुलांस व आईबापांस भरपाई मागता यावी, यासाठी तो कायदा होता. दाव्यांची वाटचाल मात्र फार लांबली. प्रथम न्यायालय, त्यानंतर पंजाबचे उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय, असा हा प्रवास झाला. दरम्यानच्या काळात, १९५८ साली, दिल्लीच्या जुन्या नगरपालिकेच्या जागी महानगरपालिका आली आणि प्रतिवादीचे नावही बदलले. अखेरचा निर्णय फेब्रुवारी १९६६ मध्ये लागला. मनोरा पडला तेव्हा जे मूल मांडीवर होते, ते या वेळी शाळेच्या शेवटच्या इयत्तांत पोहोचले होते.

पालिकेचा बचाव वरवर पाहता अगदीच लंगडा नव्हता. तिचे म्हणणे असे की, मनोऱ्याला बाहेरून तडे नव्हते, तो कलला नव्हता, त्याबद्दल कोणाची तक्रार आली नव्हती. दोष होता तो आत दडलेला, डोळ्यांस न दिसणारा; तेव्हा हा अपघात अटळ होता. जे दिसतच नव्हते त्याची काळजी घेतली नाही म्हणून आम्हांस दोषी कसे धरता? आजही एखादा पूल खचला किंवा भिंत पडली की संबंधित खात्याच्या पत्रकात बहुधा हीच वाक्ये थोड्याफार फरकाने वाचावयास मिळतात.

या बचावाला उत्तर दिले ते मनोऱ्याच्या चुन्याने. पडझडीनंतर अवशेषांची पाहणी झाली आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातील एका निवृत्त मुख्य अभियंत्याची साक्ष झाली. वरच्या भागातील कमानींच्या रेट्याने मनोरा कोसळला, असे त्या साक्षीतून निष्पन्न झाले. विटा-दगडांना धरून ठेवणारा चुना इतका निःसत्त्व झाला होता की त्याची निव्वळ भुकटी उरली होती. सांधण्याचा गुणच त्यात राहिला नव्हता. ज्या प्रकारचा चुना वापरला होता तो पाहता वरच्या मजल्याचे आयुष्य चाळीस ते पंचेचाळीस वर्षांचे मानावयास हवे होते. मनोरा उभा होता सुमारे ऐंशी वर्षे. म्हणजे आयुष्य संपल्यानंतरही तो आणखी जवळजवळ तेवढाच काळ गर्दीच्या डोक्यावर उभा ठेवण्यात आला होता. जाणत्या माणसाने दुरुस्तीच्या दृष्टीने त्याची तपासणी केली असती तर ही अवस्था उघड झाली असती, आणि अशी तपासणी झाल्याचे पालिकेला दाखविता आले नाही.

न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांनी सर्वोच्च न्यायालयाचा जो निर्णय लिहिला, त्याचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट पुराव्याच्या ओझ्याची. सर्वसाधारण नियम असा की, जो हयगयीचा आरोप करतो त्यानेच ती सिद्ध करावी. परंतु रस्त्याने निघालेल्या माणसाच्या वारसांनी मनोऱ्याच्या पोटातला चुना कधी कुजू लागला हे कोठून सिद्ध करावे? मनोरा पालिकेच्या मालकीचा, किल्ली पालिकेकडे, दुरुस्तीचे दप्तर पालिकेकडे. निगा राखलेले मनोरे एरवी आपण होऊन पडत नाहीत. तेव्हा पडणे हाच हयगयीचा प्रथमदर्शनी पुरावा होय, आणि आपली हयगय नव्हती हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर येते. लॅटिन भाषेत या नियमास ‘रेस इप्सा लोक्विटर’ म्हणतात. घडलेली गोष्टच बोलते, असा त्याचा भावार्थ.

दुसरी गोष्ट याहूनही कडक आहे. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला ज्याची वास्तू आहे, त्याच्यावर रस्त्याने जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेचे एक विशेष बंधन असते. दुरुस्तीअभावी ती वास्तू धोकादायक झाली आणि तीमुळे कोणास इजा झाली, तर ‘मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याचे कारणही नव्हते’ हे उत्तर चालत नाही. दोष उघड असो वा गुप्त, मालक जबाबदार. पालिकेचे अपील फेटाळले गेले.

गोमंतकीय वाचकांस या ‘गुप्त दोषा’चे एक उदाहरण घरचे आहे. पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल वाहतुकीस खुला होऊन पुरती वीस वर्षेही झाली नव्हती, तोच ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. तेथे चुना नव्हता, काँक्रीट होते. पण त्या काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजत गेल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षे माणसे आणि वाहने पुन्हा फेरीबोटीने नदी ओलांडीत होती. वरून धडधाकट दिसणारी वस्तू आतून खंगत असते, हे जाणण्यासाठीच तर अभियंते नेमलेले असतात.

घंटाघराच्या निर्णयामागील तत्त्वे इंग्लंडच्या न्यायालयांत शंभर वर्षे आधी घडली होती. १८६३ साली लिव्हरपूल येथील एका पिठाच्या व्यापाऱ्याच्या माडीवरून पिठाचे एक पिंप खाली पडून वाटसरूस लागले. पिंप कोणी ढकलले, दोर कोणी सोडला, हे जखमी माणसास सांगता येईना. न्यायाधीशांनी म्हटले की पिंपे माडीवरून आपण होऊन पडत नसतात. आता व्यापाऱ्यानेच बोलावे. एका पिठाच्या पिंपातून निघालेला हा नियम पुढे चांदणी चौकातील विधवेच्या उपयोगी पडला.

याच लिव्हरपूल शहरातून, योगायोगाने, दुसरा एक निवाडा आला, आणि देवस्थानांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी तो अवश्य लक्षात घ्यावा असा आहे. मर्सी नदीवरील गोद्यांचा कारभार एका विश्वस्त मंडळाकडे होता. गोदीच्या तोंडाशी गाळ साचू दिला गेला आणि ‘सिएरा नेवाडा’ नावाचे, पक्ष्यांच्या विष्ठेचे खत वाहून आणणारे जहाज त्या गाळात रुतून माल खराब झाला. विश्वस्तांनी सांगितले की, आम्ही व्यापारी नव्हे. आम्हांस नफा नाही; जे काही उत्पन्न येते ते सर्व गोदीच्याच कामी लागते; आम्ही केवळ लोकहितासाठी ही जागा सांभाळतो; मग भरपाई कशातून द्यावी? १८६६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हा युक्तिवाद नाकारला. लोकांस एखाद्या जागेचा उपयोग करू द्यावयाचा, त्यासाठी शुल्क घ्यावयाचे, आणि जागा सुरक्षित आहे की नाही हे पाहावयाचे नाही, हे चालणार नाही. कारभारी विनावेतन असोत वा सवेतन. त्याच निर्णयात आणखी एक सूक्ष्म भेद आला. धोका माहीत असणे आणि माहीत करून घेण्याची साधने हाताशी असूनही निष्काळजीपणाने तो माहीत करून न घेणे, या दोहोंत कायदा अंतर मानीत नाही. घंटाघराचा निर्णय पालिकेस जे सांगतो, त्याचे बीज येथे आहे.

युरोपखंडातील कायदा वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आला. प्राचीन रोममध्ये शेजाऱ्याची भिंत पडण्याच्या बेतात असेल, तर ती पडण्यापूर्वीच त्याच्याकडून संभाव्य नुकसानीची हमी लिहून घेता येत असे. १८०४ च्या फ्रेंच संहितेने निगेच्या अभावी किंवा बांधणीच्या दोषाने इमारत पडल्यास तिच्या मालकास जबाबदार धरले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, जी पुढे १८७० पासून गोव्यात लागू झाली, तिनेही मोडकळीस आलेली इमारत पडून कोणास इजा झाल्यास व तिच्या दुरुस्तीत मालकाची हयगय सिद्ध झाल्यास त्याच्यावर भरपाईचा भार टाकला. ‘सिद्ध झाल्यास’ या दोन शब्दांतच अडचण होती. हयगय सिद्ध करावयाची ती जखमी माणसाने. तेव्हा घंटाघराच्या निर्णयाचे महत्त्व गोव्यातील माणसास विशेष कळावे. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले ते तेथे.

हे सारे पाश्चात्त्य न्यायशास्त्राचे देणे आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय नावाच्या तिसऱ्या अधिकरणात तलाव, बांध व सेतू यांविषयी एक व्यवस्था सांगितली आहे. ज्यांनी दुसऱ्याचे जलसाधन भाड्याने, गहाणाने, वाट्याने अथवा उपभोगासाठी घेतले असेल त्यांनीच त्याची दुरुस्ती राखावी. न राखल्यास झालेल्या हानीच्या दुप्पट दंड. येथे मालकी कोणाची हा प्रश्न गौण ठरविला आहे. जो उपभोग घेतो आणि ज्याच्या ताब्यात वस्तू आहे, त्याच्यावर निगेचा भार. आजच्या काळात रस्ते, पूल आणि जत्रेचे आकाशपाळणेसुद्धा कंत्राटाने चालविले जातात, आणि अपघात झाला की मालक कंत्राटदाराकडे व कंत्राटदार मालकाकडे बोट दाखवितो. कौटिल्यास हा खेळ परिचित असावा. गोव्यातील खाजन शेतीचा संसार तर पूर्वापार याच भावनेवर चालत आला. खाऱ्या पाण्याला अडविणारा बांध आणि मानशीची दारे यांची डागडुजी हे गावकरीचे आणि कुळांचे समाईक कर्तव्य होते. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले तर सगळ्या खाजनात खारे पाणी शिरते, हे प्रत्येकास ठाऊक होते. तेथे न्यायालयाची वाट पाहण्यात अर्थच नव्हता, कारण हयगय करणाऱ्याचेही शेत त्याच बांधाच्या आत होते.

ज्याचे शेत बांधाच्या आत नाही, अशा धन्याशी गाठ पडते तेव्हा कायद्याची खरी कसोटी लागते. सर्वांत मोठा असा धनी म्हणजे सरकार. कलकत्त्याजवळ खिदिरपूरच्या सरकारी गोदीत कामगार लोखंडी सामान रस्त्यावरून वाहून नेत असता ते खाली पडले, त्याच्या आवाजाने एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बुजून जखमी झाला, आणि नुकसान मागण्यात आले रुपये ३५०. १८६१ साली कलकत्त्याच्या न्यायालयाने सरकारास ही रक्कम देणे भाग पाडले, पण निर्णय देताना एक रेषाही आखून ठेवली : व्यापारी किंवा खाजगी माणूसही करू शकेल असे काम असेल तर सरकार जबाबदार, आणि केवळ राजसत्तेसच करता येईल असे काम असेल तर नाही. साडेतीनशे रुपयांच्या त्या घोड्याने पुढील शंभर वर्षांचा न्याय आपल्या मागे ओढीत नेला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने उदयपूरच्या एका सरकारी जीपच्या अपघातात राज्यास जबाबदार धरले तेव्हा वाटले की ही रेषा पुसली जाणार. परंतु १९६४ साली मीरतच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने एक हवालदार घेऊन पळाल्याच्या खटल्यात तीच रेषा पुन्हा ठळक करण्यात आली आणि सोन्याच्या धन्याला काही मिळाले नाही. त्याच निर्णयात न्यायालयाने, ही स्थिती समाधानकारक नाही व संसदेने कायदा करावा, अशी अपेक्षाही व्यक्त केली. विधी आयोगाने तर १९५६ सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात हीच सूचना केली होती. त्यानुसार १९६५ व १९६७ मध्ये लोकसभेपुढे विधेयके आली, आणि दोन्ही कायद्यात रूपांतरित न होताच संपली.

घंटाघराच्या वारसांचे सुदैव एवढेच की मनोरा सैन्याचा किंवा पोलिसांचा नव्हता. शहरात वेळ दाखविण्यासाठी मनोरा बांधणे हे राजसत्तेचे खास काम आहे असे पालिकेसही म्हणता आले नसते. पाणी, वीज, पूल, रस्त्यावरचे दिवे यांचे बहुतांशी तसेच आहे.

विजेच्या बाबतीत तर न्यायालये आणखी पुढे गेली. २३ ऑगस्ट १९९७ च्या रात्री मध्य प्रदेशात एक कामगार कारखान्यातून सायकलने घरी परतत होता. पाऊस झाला होता, रस्त्यावर पाणी साचले होते, आणि त्या पाण्यात विजेची जिवंत तार पडलेली होती. ती त्यास दिसली नाही. राज्याच्या वीज मंडळाने म्हटले की कोणा तिसऱ्या माणसाने चोरून वीज घेण्यासाठी ही तार ओढली होती, आमचा त्यात दोष काय? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की वीज ही मुळातच धोक्याची वस्तू आहे. जो ती पुरवितो त्याने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. चोरी होऊ न देणे आणि तुटलेल्या तारेतील प्रवाह बंद होईल अशी व्यवस्था राखणे हे पुरविणाऱ्याचेच काम. उच्च न्यायालयाने ठरविलेली ४.३४ लाख रुपयांची भरपाई कायम झाली.

असे असले तरी न्यायालये प्रत्येक पडलेल्या वस्तूसाठी पालिकेच्या तिजोरीचे कुलूप उघडतात असे नाही. राजकोट येथे १९७५ साली कामावर निघालेल्या एका गृहस्थाच्या अंगावर रस्त्याकडेचे झाड पडून त्यांचा अंत झाला. खालच्या न्यायालयांनी भरपाई दिली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. झाड ही बांधलेली वस्तू नव्हे, ते केव्हा पडेल हे सहजी कळत नाही, आणि प्रत्येक वृक्षामागे दाव्याची भीती उभी केली तर नगरपालिका वृक्ष लावणेच सोडतील, अशी ही भूमिका. तर्क म्हणून ती समजण्यासारखी आहे. परंतु पतीच्या पश्चात बावीस वर्षे न्यायालयात घालविलेल्या त्या विधवेस वृक्षारोपणाचे हित सांगण्यात आले, हे वाचून मन थोडे खट्टू झाल्यावाचून राहत नाही. मनोरा आणि झाड यांतील भेद कायद्यात बसतो. ज्याच्यावर ते पडते त्याच्या घरात तो बसत नाही.

आता देवस्थानांकडे वळावयाचे ते अशासाठी की, आपली देवालये ही भाविकांची असली तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या वास्तूंस ताबेदार असतो. गोव्यात १९३३ च्या माझानी कायद्याखाली महाजन आणि त्यांनी निवडलेली व्यवस्थापक समिती हा कारभार पाहते. इतर प्रांतांत विश्वस्त मंडळे पाहतात. मर्सीच्या विश्वस्तांचा ‘आम्हांस नफा नाही’ हा युक्तिवाद या मंडळांनाही सुचेल, आणि तो १८६६ पासून निकामी झालेला आहे. आपल्या देवळांपुढे दीपस्तंभ असतात. श्रीमंगेशाचा तर सात मजली आहे. नगारखाने, अग्रशाळांच्या माड्या, तळ्याचे कठडे आणि पायऱ्या, या साऱ्यांत जुना चुना आहे, आणि एरवी मोकळ्या असलेल्या या जागा जत्रेच्या दिवशी माणसांनी भरून जातात. जुना चुना वाईट असतो असे मुळीच नव्हे. नीट भिजवून मुरविलेला चुना शतकानुशतके टिकतो, आणि त्यावर सिमेंटचा लेप चढविल्याने कित्येकदा आत पाणी कोंडून तो लवकर सडतो. पण तो तपासावा लागतो. वरून दर वर्षी रंग दिला जातो, आणि रंगाखाली काय चालले आहे हे कोणी पाहत नाही.

इंदूरचा प्रसंग अद्याप ताजा आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवर घातलेली फरशी पूजेच्या वेळी खचली आणि छत्तीस माणसे मृत्युमुखी पडली. पायाखाली विहीर आहे हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल! नित्य येणाऱ्या भाविकाची दृष्टी देवाकडे असते. फरशीखाली काय आहे हे पाहण्याचे काम ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याचे.

अशा प्रसंगी ‘देवाची इच्छा’ हे शब्द घरच्या माणसांच्या तोंडी शोभतात. त्यांस दुसरा आधार तरी कोणता? समितीच्या लेखी उत्तरात ते शोभत नाहीत. न्यायालय तेथे फार साध्या गोष्टी विचारील : दीपस्तंभाची शेवटची पाहणी कोणत्या साली झाली, ती जाणत्या अभियंत्याने केली की उत्सवापूर्वी कोणी खालून मान वर करून पाहिले, त्याने काय लिहून दिले, त्यावर समितीच्या बैठकीत काय ठराव झाला, आणि पैसे नव्हते म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली असेल, तर त्या वर्षी रोषणाईवर किती खर्च झाला. जमाखर्चाच्या वह्या देवस्थानांत चोख ठेवलेल्या असतात, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे ताबडतोब मिळेल.

चांदणी चौकातील घंटाघर पुन्हा बांधले गेले नाही. त्या जागेस लोक अजूनही घंटाघरच म्हणतात.